मेजरसाहेबांचा फोन

२०२४ साल. माझं वय साठ. पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालो. शिक्षण आठवी नापास. पण कुवेतला मिरकाबमधल्या एका ऑफिस बिल्डिंगवर सात माणसांचा गार्ड कमांडर मी होतो. ड्यूटी सहा ते दोन. ड्यूटीवर फोन नाही, हा नियम माझा. सगळ्यांचे फोन माझ्या टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीत आणि किल्ली माझ्या खिशात.

त्या सातांत एक सुदानी मेजर होते. त्यांच्या देशात आपसातच लढाई जुंपली. बटालियन फुटली, अकादमीत बरोबर शिकलेला त्यांचाच कोर्समेट समोरून गोळ्या घालायला लागला. मांडीत गोळी बसली तेव्हा मेव्हण्याने इकडे आणून गार्डात चिकटवलं. मी हुकूम द्यायचा, त्यांनी "येस, हवालदार" म्हणायचं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळी सहाला, ड्यूटीआधी फॉल-इनला सगळे रांगेत उभे असताना त्यांनी फोन दिला नाही. इथे शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "आज जवळ राहू दे. माझे तीन जवान वेढ्यात आहेत. आज निघतील. बाहेर सुरुंग आहेत, मीच पेरलेले. वाट फोनवरूनच सांगायची आहे."

"नेपाळ्याची बायको आजारी, केरळवाल्याचं घर गळतंय. सगळ्यांचंच अर्जंट असतं, साहेब. मेजर तुम्ही तिकडे. इथे पोस्ट माझी."

"येस, हवालदार." फोन दिला आणि बेसमेंटच्या गेटवर गेले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पेटीत फोन वाजला. पत्रा थरथरला. मग परत. अकरा वेळा वाजला. एकदा माझा हात किल्लीवर गेला. पण सकाळी सगळ्यांदेखत नाही म्हटलं होतं. हात काढून घेतला.

दोनला फोन दिला. त्यांनी उभ्या उभ्याच व्हॉइस मेसेज ऐकला.

"काय म्हणतोय?"

"सार्जंट इद्रिस. विचारतोय, विहिरीपासून डावीकडे की उजवीकडे."

"मग?"

"उजवीकडे."

परत परत लावला. लागला नाही. संध्याकाळी खैतानच्या आमच्या रूमवर कळलं. सार्जंट इद्रिस, शिपाई हामिद, ड्रायव्हर मूसा. डावीकडे गेले होते. मेजरसाहेबांनी शिवी दिली असती तर सोसली असती.

दुसऱ्या सकाळी सहाला फॉल-इन. ते पुढे आले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"राहू द्या साहेब, तुमच्याजवळ."

"घ्या. नियम आहे. आता कुणाचा यायचाय?"

मी कॅप सरळ केली आणि सगळ्यांदेखत सॅल्यूट दिला. फोन घेतला, पण पेटीत टाकला नाही. आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि दोन वाजेपर्यंत त्याच्यासमोर बसलो.