रतनचा खो

दुपारी दोनची गोळी घेऊन मी आडवी होते. ती लागायला अर्धा तास तरी जातो. तोवर उजवा हात उशीवर आपला आपण थरथरत राहतो. पलीकडच्या खोलीत माझी सून, मृदुला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतेय. तिचे शब्द एकेक करून विरघळतात. हात थांबतो. आणि पलंगाच्या कडेला रतन बसलेली असते.

रत्नप्रभा भोईटे. फलटणच्या शाळेत आमच्या खो-खो संघाची कॅप्टन. तीन आठवड्यांपूर्वी करोनानं गेली. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. कुणालाच जाता आलं नाही.

"तू तर गेलीस ना गं?" मी विचारते.

"गेले की," ती सहज म्हणते. "सरक. पाय बघू तुझे."

मला लाज वाटते. कंपवाताला सात वर्षं झाली, पण रोज सकाळी आमच्या पेशंटांच्या व्यायामवर्गाला जात होते, टाळ्यांच्या तालावर पावलं टाकत होते. मार्चमध्ये वर्ग बंद झाला. जूनमध्ये स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला खिळले, अंग पुढे गेलं आणि मी पडले. तेव्हापासून पलंग ते बाथरूम, तेही मृदुलाचा हात धरून. पोटऱ्या पार वाळल्यात. रतन त्यांवरून हात फिरवते. तिचा हात गरम आहे. गेलेल्या माणसाचा हात इतका गरम कसा?

"चल," ती म्हणते.

पॅसेज नेहमीपेक्षा लांब आहे. जेवणाच्या खुर्च्या एका ओळीत मांडल्यात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. त्यांवर व्यायामवर्गातली माणसं बसलीत, सगळ्यांना मास्क. वर छत नाही, आभाळ आहे. मीही ओळीत उकिडवी बसलेय आणि गुडघा दुखत नाही. लांबवर लाकडी खांब उभा आहे, त्याच्या पलीकडे आमचं स्वयंपाकघर. गॅसवर दूध तापतंय.

"पळ ना," रतन मागून म्हणते.

"खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. तूच शिकवलंयस."

ती हसते. हसता हसता तिला धाप लागते.

"मला श्वास पुरला नाही, शालन. बारा दिवस पालथं निजवलं होतं. पडल्या पडल्या मी मनात मैदानाला फेऱ्या मारायचे. रोज दहा."

"मग?"

"मग काय. शेवटच्या दिवशी सातच झाल्या."

मला रडू फुटतं. मी मागं वळणार एवढ्यात पाठीवर तिचा पंजा पडतो आणि कानाशी आवाज फुटतो,

"खो!"

पाय मला विचारत नाहीत. उठतात आणि धावतात. ओळीतली माणसं मास्कआडून ओरडतायत, "शालनताई, पळा!" मी सोळाची झालेली नाही, बासष्टचीच आहे, पांढरी वेणी पाठीवर आपटतेय आणि मी पळतेय. दार येतं. उंबरठा येतो. पाय त्याच्यावरून असे जातात, जणू तो कधी नव्हताच. हे पाय माझे? इतके दिवस हे माझ्याच पलंगावर निजले होते?

मी वळून बघते. खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी बसायचं असतं. रतन माझ्या जागेवर बसलीये, ओळीत, पाठ ताठ, नजर समोर.

"आई!"

मी ओट्याला हात टेकून उभी आहे. स्वयंपाकघरात. एकटी. मृदुला दारात, हेडफोन गळ्यात लोंबतोय.

"तुम्ही एकट्या कशा आलात? मला हाक तरी मारायची!"

"आले," मी म्हणते. छातीत धडधडतंय. "पळत आले."

तिला ते ऐकू येत नाही. ती मला खुर्चीत बसवते, कुठं लागलंबिगलं का म्हणून खाली वाकून घोटे चाचपते, आणि तिचा हात थांबतो.

चार महिन्यांत मी चार मजल्यांची एकही पायरी उतरलेली नाही. घरातली फरशी दिवसातून दोनदा फिनेलनं पुसली जाते.

"आई, हे काय?"

माझ्या दोन्ही पायांच्या नखांत तांबडी माती भरलीये. ओलसर. सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात ना, तशी.