लाल पट्ट्याचा गंज

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बी.ए.ला आमचे समाजशास्त्राचे सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचत, ‘समुदाय म्हणजे एका भूभागात राहणाऱ्या, आम्ही-भावना असलेल्या लोकांचा समूह’, आणि आम्ही वहीत उतरवून घेत असू. घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मीच चढलेली. रोज एसटीने अर्जुनी मोरगावला जायचे आणि ही व्याख्या खिडकीशी घोकायचे. मग सरांनी वीस गुणांचा प्रकल्प दिला: ‘माझे गाव, एक समुदाय’. माझा फर्स्ट क्लास या वीस गुणांवर अडला होता.

मी गावाच्या भांड्यांवर लिहिलं. लग्नकार्यासाठी घरटी वर्गणी काढून भात शिजवायचे मोठे गंज, पराती, कढया घेतल्या होत्या. वर्गणी आम्हा बौद्धांच्या घरांकडूनही घेतली. तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही. भांडी आल्यावर मात्र आमच्या टोलीसाठी, म्हणजे आमच्या वेगळ्या वस्तीसाठी, एक गंज आणि दोन पराती बाजूला काढल्या आणि काठाखाली लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढला. पाच वर्षांची असताना आईने मला शिकवलं, भांड्याला हात लावायच्या आधी काठ पाहायचा. पुस्तकात याला समाजीकरण म्हणतात. उदाहरण मात्र नमस्कार करायला शिकवण्याचं देतात.

मी अकरावीत असताना गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न झालं. राखेने घासून घासून आमच्या गंजाचा रंग उडाला होता, आणि नेमका तोच त्यांच्या चुलीवर चढला. वरात जेवली, गाव जेवलं, शेतकरी स्वतः तीनदा भात मागून जेवला. भांडी घासताना कडीच्या खाचेत लाल रंग दिसला आणि मांडवात हलकल्लोळ माजला.

“कोनं आनला बे हा गंज?” शेतकरी ओरडला.

“जेवले ना सारे? आता का पोट घासता राखेनं?” त्याचाच म्हातारा काका म्हणाला.

घरभर गोमूत्र शिंपडलं. पोटातल्या भाताचं काय केलं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या गंजाला पहिल्याहून रुंद पट्टा बसला.

हे सगळं मी प्रकल्पात लिहिलं. सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं.

“भांड्यांचं उत्तम आहे. सामूहिक मालकी, आम्ही-भावना. फक्त तो लाल पट्टा काढ.”

“काढला तर गाव मारेल, सर.”

“वहीतून काढ म्हणतो मी!”

“काऊन सर?”

“बाहेरचे परीक्षक पाहतात, बरं दिसत नाही. आणि ते जातिव्यवस्थेच्या प्रकरणात येतं. हे समुदायाचं प्रकरण आहे.”

सरांच्या कागदांत प्रकरणं वेगळी होती. आमच्या गावात ती एकाच खोलीत, एकावर एक रचून ठेवलेली होती.

घरी आई धान पाखडत होती. “काढून टाक ना वो,” ती म्हणाली. “सर खूश तं नंबर चांगला. कायले अडून रायली?”

नाही काढलं. आठ गुण मिळाले आणि फर्स्ट क्लास गेला. ‘आमच्या गावात सर्व जण गुण्यागोविंदाने राहतात’ असं लिहिणाऱ्या मुलीला अठरा मिळाले. तिच्या गावात मी गेले आहे. तिथे हातपंप दोन आहेत, आणि कोणी कुठल्यावर जायचं ते लहान पोरंही सांगतात.

निकालाच्या दिवशी पाखडता पाखडता आईने वही माझ्या पुढ्यात सरकवली. तिला अक्षर येत नव्हतं.

“असं काय लिवली होती तू? वाचून तं दाखव.”

मी वाचलं. तिने सूप खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

“अधुरं लिवली तू.”

“काय राहिलं?”

“त्या लग्नात मी पत्रावळी उचलाले गेली होती. गंज चुलीवर चढवून रायले होते तवाच ओळखला. आपल्या गंजाच्या पोटाले पोचा आहे ना.”

“मग सांगितलं नाहीस?”

“कायले सांगू? वर्गणी तं आपलीबी होती. खाऊ दे म्हटलं.”

एवढ्या वाक्याला आता कोणी गुण देणार नव्हतं. तरी मी पेन काढलं आणि ते वहीत, त्याच पानावर, आईच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं.