गोळ्यांना कोकमतेल

बंदूक म्हटली की मी चार हात लांब. तरी संगमेश्वरजवळच्या एका गावात काजूची कलमं बघायला गेलो, तेव्हा बागेचे म्हातारे मालक खळ्यात बसून ठासणीच्या बंदुकीसाठी गोळ्या तयार करत होते. भातात रानडुकरं शिरतात म्हणून. शिशाच्या ओतलेल्या गोळीला कोकमतेल चोळायचं, मग वडिलांच्या वेळच्या लोखंडी यंत्राच्या भोकात ठेवून दांडा दाबायचा. खाली पडणारी प्रत्येक गोळी एकाच मापाची.

दर गोळीनंतर त्यांचा डावा हात, न बघताच, बाजूला पसरायचा. तिथे कोणी नसायचं. हात जरा वेळ तसाच राहायचा, मग ते स्वतःच पुढच्या गोळीला तेल लावायचे.

"तेलाचं काम आमच्या हिचं," ते म्हणाले. "ती वारली. पण ह्या हाताला अजून पटत नाय."

मला राहवेना. त्यांच्या बाजूला जाऊन बसलो, एका गोळीला तेल फासलं आणि पसरलेल्या तळहातावर ठेवली.

"तेल जास्त झालं गो," ते सहज म्हणून गेले.

मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ती गोळी यंत्रात गेलीच नाही. त्यांनी मूठ मिटली, ती मी निघेपर्यंत उघडली नाही.