बाजारच्या दिवसाचे अंगठे

पोरांना मोजायला मीच शिकवलं, आणि त्यांनी बरोबर मोजलं तेव्हा घाबरलोही मीच. ही गोष्ट मी घरातसुद्धा कधी काढली नाही. आता केस पिकले. सांगून टाकतो.

भोकरदनच्या अलीकडे चार-पाच मैलांवरचं गाव. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. गावातली शाळा नवी, आणि मी तर तिच्याहून नवा. पहिली-दुसरीची मिळून तीस पोरं. आकडे घोकायची, घरी जाईपर्यंत विसरायची. मग मी वर्गातल्या भिंतीवर, पोरांचा हात पोचेल असा, चुन्याचा पांढरा पट्टा मारला. त्याच्या खाली सहा वारांची सहा चित्रं काढली. सोमवारला बेलाचं पान, शनिवारला मारुतीची गदा, बाजाराच्या वाराला टोपली. शाळेत आलं की गेरूच्या वाटीत अंगठा बुडवायचा आणि त्या वारावर एक ठसा उमटवायचा. दुसऱ्याने त्याच्या वर, तिसऱ्याने त्याच्याही वर. शनिवारी सगळे वार मोजायचे आणि पुन्हा चुना मारायचा.

पोरं वेडी झाली. आजारी पोरगंसुद्धा अंगठा लावायला येई. एकदा एकाने घरचं कोकरू आणलं, "गुरुजी, ह्याचा बी लावू द्या की!" म्हणून हटून बसला.

वाटीची मालकीण एक कुंभाराची पोरगी होती. सातेक वर्षांची, नाकात मोरणी, बोलणं मोजकं. गेरू तिच्या घरून येई, म्हणून वाटी तिच्याच हातात. कोणी दोनदा अंगठा लावला की ती लगेच ओळखी. मी विचारलं तर म्हणाली, "आमच्या घरी मडक्यावरल्या अंगठ्यावरून कळतं, आबानं थापलं का आईनं."

बाजाराच्या दिवशी मात्र टोपलीवर आठ-नऊच अंगठे. अर्धी पोरं आई-बापाबरोबर भोकरदनला जात, उरलेली धाकटी भावंडं सांभाळत. आणि इथेच माझं पाप होतं. हजेरीपटावर मी त्या दिवशीही सगळ्यांना हजर मांडत होतो. पोरं कमी दिसली तर शाळा उठेल आणि माझी नोकरी जाईल, ही भीती. भिंत खरं बोलते आणि पट खोटं, हे माझ्या लक्षात आलं ते थेट एका शनिवारी, तपासणीचे साहेब आज येणार असा निरोप आला तेव्हा.

चुना मारायचा, तर कोरा ओला पट्टा साहेबांना दिसणार. मग पोरं यायच्या आत मी दार लोटून घेतलं आणि टोपलीवरच्या नऊ अंगठ्यांच्या वर स्वतःचे अठरा अंगठे लावले. हात धुतले. फार हुशारी केली असं वाटलं.

साहेब आले, भिंत बघून खूश झाले. पोरांना म्हणाले, "काय रे, सगळ्यात कमी पोरं कोणत्या वारी?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाजाराच्या दिवशी!"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. "इथं तर भरपूर दिसून राह्यलेत."

कुंभाराची पोर उठून भिंतीपाशी गेली. बोट ठेवत नऊपर्यंत मोजलं आणि थांबली. "साहेब, हे नऊ आमचे. हितून फुडं एकच माणूस हाय. मोठा हाय. अठरा बार आलाय."

वर्ग खदखदून हसला. आणि मी, तिचा गुरुजी, म्हणालो, "साहेब, हिला मोजता येत नाही. वेंधळी आहे पोरगी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. साहेब माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. नखात गेरू तसाच होता.

त्यांनी पोरांना खेळायला बाहेर काढलं. मला वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी हजेरीपट मागितला, बाजाराच्या वारांवर तांबड्या शाईने रेघा मारल्या आणि म्हणाले, "अहो मास्तर, सहा-सात वर्षांच्या लेकरांना कळलं ते तुम्ही मला अर्जात लिहून द्यायचं होतं. बाजाराला सुट्टी द्या अन् रविवारी शाळा भरवा. बिलकुल सोपं आहे. अन् तो अंगठा नीट धुवा आधी."

एवढंच. मी सुटलो. पोरीला बोललेला शब्द मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या आठवड्यात मी टोपली पुसून रविवारचा सूर्य काढला. पोरांची ही झुंबड! अंगठ्यावर अंगठे चढत गेले. पोरगी वाटी धरून उभी होती, स्वतःचा अंगठा काही लावीना.

"अगं, तुझा?"

"मला मोजता येत न्हाई ना."

पोरं बघत होती. माफी मागावी, तर जीभ उचलेना.

तीच म्हणाली, "आधी तुमी लावा. एकच लावा."

मी वाकलो, एक अंगठा लावला. तिने तो जवळ जाऊन नीट पाहिला, आणि त्याच्या वर आपला चिमुकला अंगठा दाबला. मग सगळे मोजून म्हणाली, "गुरुजी, एक जास्तीचा झाला. तुमचा धरू का?"

"नको," मी म्हणालो. "माझा धरू नको."

"मंग अठ्ठावीस," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन हात धुवायला पळाली.

अठ्ठावीसच होते. तिच्या मागे मीही मोजले. तू त्या दिवशीही बरोबर मोजलं होतंस, हे तिला म्हणायला मला नंतर तीन वर्षं मिळाली, आणि मी म्हणालो नाही.