चपला काढायची जागा

माझी देवीवर श्रद्धा आहे का, असं कोणी विचारलं तर मला धड उत्तर देता येत नाही. सणावाराला हात जोडते, नैवेद्य दाखवते, पण मनात कुठेतरी 'खरंच कोणी ऐकत असेल का' हा प्रश्न असतोच. गेल्या उन्हाळ्यात जे झालं त्याने तो प्रश्न सुटला असंही नाही, उलट गोंधळ वाढला. तरीही लिहिते आहे, कारण मनात ठेवलं तर मीच एक दिवस ते विसरून जाईन, किंवा त्यात पदरचं काहीतरी घालीन.

माझ्या आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. आईने मात्र हट्ट धरला की आधी पांढरमायची ओटी भरायची, मगच ऑपरेशन. पांढरमाय म्हणजे आमच्या जुन्या गावठाणाची देवी. ते गाव मी जन्मायच्या आधीच धरणात गेलं. देवीचा दगड वाजतगाजत बैलगाडीतून नव्या गावठाणात आणला, देऊळ बांधलं, तिथे आईने वर्षानुवर्षं ओटी भरली आहे. पण या वेळी तिला जुन्या जागीच, देवीच्या मूळ थानावर, जायचं होतं. "दगड आणला गाडीत घालून," ती म्हणाली, "थान कसं आणता येते? मले तठीच ने." मी समजावलं, रागावले, शेवटी रडलेही. तिच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. ओटी नाही तर ऑपरेशन नाही, असा तिचा सरळ हिशेब होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचे पाय सुजत चालले होते.

वैशाखात धरणाचं पाणी ओसरतं आणि जुन्या गावाची जमीन काही आठवडे उघडी पडते. पण तिथे ना भिंत उरली आहे, ना झाड. चहूकडे भेगाळलेला गाळ. माझा मोठा भाऊ पुण्यात जमीन मोजणीचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी तो गावातल्या दोघा म्हाताऱ्यांबरोबर तिथे गेला होता आणि त्याने थानाची जागा उपग्रहावरून टिपून ठेवली होती. ती त्याने माझ्या फोनवर पाठवली. माझा फोन एकदा ओट्यावरून पडल्यापासून जागा भलतीच दाखवतो, म्हणून दादाने त्याचा जुना जीपीएस रिसीव्हर कुरिअरने धाडला. काडेपेटीएवढी काळी डबी. ती ब्लूटूथने फोनला जोडायची, निळा दिवा स्थिर होईपर्यंत उघड्यावर धरायची, मग फोनवर बाण येतो आणि किती अंतर राहिलं ते दिसतं. मी आठवडाभर दिग्रसला आमच्या गच्चीवर उभी राहून सराव केला. शेजारीण विचारायची, कोणता ग्रह पाहतेस म्हणून.

सकाळी उन्हं चढायच्या आत मी आईला स्कूटरवर मागे बसवून धरणाच्या काठापर्यंत नेलं. पुढे पायीच जायचं होतं. डबी मी पदराच्या गाठीत बांधून खांद्यावर ठेवली, फोन हातात. आई ओटीची पिशवी घेऊन मागून येत होती, थांबत, धापा टाकत. बाण अगदी शहाण्यासारखा चालला होता. अंतर कमी होत गेलं आणि फोन गुणगुणला. पोचलो. मी आजूबाजूला पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. मेलेल्या शिंपल्या आणि वाळलेला गाळ, जसा मागे होता तसाच पुढे.

आईने एकदा पाहिलं आणि मान हलवली. "हे थान नाई."

"आई, उपग्रह सांगतोय."

"त्या उपग्रहाले काय मालूम? तो काय या गावची सून हाय?"

मग तू सांग कुठे आहे, असं मी जरा चिडूनच म्हटलं. तर तिलाही सांगता येईना. ती गोल फिरून पाहत राहिली आणि तिचा चेहरा पडत गेला. लग्नानंतर चारपाच वर्षंच ती त्या गावात राहिली होती. मी दादाला फोन लावला, तो उचलेना. इथेच भर ओटी, देवीला कळतं, असं मी म्हणून पाहिलं. ती पिशवी छातीशी धरून खाली बसली. मला वाटलं, आता ही उठणार नाही आणि ऑपरेशनही होणार नाही.

मी डबी बंद करून पुन्हा जोडली. बाण झर्रकन वळला आणि पाण्याच्या दिशेला दाखवू लागला. मला हायसं वाटलं. आईला तिथेच बसवून मी एकटी पुढे निघाले. डबी जोडलीच गेली नव्हती, फोन आपल्याच बिघडलेल्या अकलेने वाट दाखवत होता, हे तेव्हा मला कळलं नाही. माझे डोळे फोनवर होते. तेवढ्यात स्पष्ट हाक आली, "थांब!" बाईचा आवाज. मी थबकले, पण एक पाय पुढे पडलाच होता. वरची पापडी फुटली आणि तो पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसरा पाय घट्ट जमिनीवर होता म्हणून मी आडवी झाले नाही. अजून एक पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

कोणीतरी धावत आलं. धरणाच्या कडेला गाळात डांगरवाड्या लावतात, कलिंगडं आणि खरबुजं. तिथली एक बाई होती, हिरवं लुगडं, डोक्याला फडकं. "हलू नको वं बाई, जोर नको लावू," ती म्हणाली. तिने कोरड्यावर बसून माझे दोन्ही हात धरले आणि हळूहळू मला मागे ओढलं. पाय निघाला, चप्पल राहिली. मी ती काढायला वाकले तर तिने माझा दंडच धरला. "जाऊ दे चप्पल. जीव राह्यला ना?" ती मला आईपर्यंत घेऊन आली. थान कुठे आहे हे तिला विचारलं, पण ती दुसऱ्या तालुक्यातली, तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती आपल्या वाडीकडे परत गेली.

माझी अवस्था पाहून आई घाबरली. एक पाय चिखलाने माखलेला, एका पायात चप्पल. मी ती उरलेलीही काढून टाकली. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही आपल्या चपला काढल्या. लेक अनवाणी, मग आपण कशाला घालायच्या, एवढंच तिच्या मनात असणार. ती उभी राहिली आणि तशीच थबकली. पायाच्या अंगठ्याने तिने गाळ जरा उकरला. "दगड हाय खाली," ती म्हणाली. "पायाले लागून राह्यला."

मग तिने पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला. त्या गावात सुनांनी मायच्या थानाला असंच जायचं असे, मान खाली, नजर स्वतःच्या पावलांवर. आईने आजूबाजूचं कधी पाहिलंच नव्हतं, ती वाट तिच्या तळपायांनाच ठाऊक होती. मी कोपर धरू गेले तर तिने हात झटकला. एक पाऊल, पुन्हा एक पाऊल, मध्येच डावीकडे वळण. थोडं पुढे जाऊन ती खाली बसली आणि हाताने गाळ बाजूला करू लागली. मीही बसले. खालून ढासळलेला ओटा निघाला आणि त्याच्या मधोमध दगड बसवायचा खोलगट खळगा. आईने त्यात आधी हात ठेवला. मग खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. ती हमसून हमसून रडली, आणि मीही रडले. का, ते मला सांगता येत नाही.

परत काठावर आलो तेव्हा दादाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, म्हाताऱ्यांनी मला चपला काढतात तिथेच थांबवलं होतं. रिसीव्हरची पिशवी चामड्याची होती ना, चामडं थानावर चालत नाही. म्हणून जागा तिथलीच टिपली. तुला सांगायचं राहिलं." म्हणजे बाण खोटा नव्हता. आम्ही नेमके तिथेच उभे होतो जिथे चपला काढायच्या असतात, आणि आमच्या पायांत चपला होत्या.

निघताना मी प्रसाद द्यायला डांगरवाडीवर गेले. त्या बाईचे पाय धरायला वाकले तर ती मागे सरकली. मी म्हटलं, मावशी, तुम्ही हाक मारली म्हणून वाचले. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "म्या कोठी हाक मारली? तूच हाका मारून राह्यली होती. म्हणून त मी पयत आली."

मी हाक मारली नव्हती. आई म्हणते, तिनेही नाही.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. वाऱ्याने आवाज कुठूनही येतो. घाबरल्यावर आपण ओरडतो आणि आपल्यालाच कळत नाही. असेलही तसं. मी दादाला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, देवळातल्या गुरवालाही विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं आणि मला प्रत्येकाचं थोडं थोडं पटलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुले वाचवलं ना? मंग चौकशी कायले करतं?"

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेताना मी दारापर्यंत बरोबर गेले. भूल देणारे डॉक्टर तिला काय काय करणार ते समजावू लागले, तर ती म्हणाली, "तुमी करा तुमचं. मी झोपतो." आणि खरंच डोळे मिटून पडली. मी बाहेर बाकावर बसले. एरवी मी दर थोड्या वेळाने नर्सला गाठलं असतं, किती वेळ, काय चाललंय म्हणून. त्या दिवशी काहीच विचारलं नाही. हात जोडून बसले होते एवढं आठवतं, काय मागितलं ते आठवत नाही.

आई आता बरी आहे, जिना चढते, माझ्यावर ओरडते. हाक कोणाची होती ते मला अजून कळलेलं नाही. पण ती आली आणि मी थांबले. तेवढ्यासाठी मी रोज सकाळी हात जोडते, कोणाला ते न विचारता.