गडदे सर आणि एक जूनच्या पोरी

बातमी मला पेपरातून कळली. मधल्या सुट्टीत लेकरं खिचडीच्या रांगेत उभी होती आणि आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी जिल्ह्याचं पान माझ्यापुढे सरकवलं. "बाई, हे तुमचेच सर ना?" खालच्या कोपऱ्यात सात-आठ ओळी, आणि वर मथळा, 'क्रीडाप्रेमी प्राध्यापकाचे निधन'. हृदयविकाराचा झटका, पश्चात पत्नी आणि दोन मुलगे... अंत्यसंस्कार होऊनही गेले होते. मी ते दोनदा वाचलं. सॉफ्टबॉल हा शब्द त्यात कुठेच नव्हता. नऊ वर्षं ज्या माणसाने काळ्या रानात मुलींचा संघ उभा केला, त्याला क्रीडाप्रेमी म्हणायचं, म्हणजे जन्मभर नांगर धरलेल्या माणसाला शेतीची आवड होती म्हणण्यातला प्रकार. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. राग निवला की लिहू म्हणून थांबले होते. तो काही निवला नाही, तेव्हा तसाच लिहिते आहे.

विठ्ठल गडदे हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. घर मेंढपाळाचं. वडील आणि थोरला भाऊ मेंढरांमागे, शाळेत टिकले ते हे एकटेच. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला ते कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक ॲल्युमिनियमची बॅट, दोन चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊन आले. तेव्हापासून ते मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली दुसरा प्रशिक्षक कधी नव्हताच. "मुख्य बी मीच, अन् मैदान झाडणारा बी मीच," असं ते सांगायचे. मैदान म्हणजे कॉलेजमागचं रान, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. सरांनी मागे लागून लागून त्यावर मुरूम पसरून घेतला. बेस म्हणून वाळू भरलेली खताची पोती, आणि होम प्लेट ट्रकच्या टायरची, कनेरगाव नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून कापून आणलेली. ग्लोव्ह पाचच होते, म्हणून डाव बदलला की आपला ग्लोव्ह काढून समोरच्या संघातल्या मुलीच्या हातात द्यायचा. ढाब्यावरची माणसं चहाचा ग्लास घेऊन कुंपणाशी यायची आणि पोरी क्रिकेट खेळून राहिल्या म्हणून एकमेकांना सांगायची. सर रोज त्यांना हा खेळ वेगळा आहे हे समजावायचे, आणि ती माणसं रोज नव्याने क्रिकेट बघायला यायची.

पोरी मिळवणं हे मैदानाहून अवघड काम होतं. शेवंता राठोड ही आमची पिचर, म्हणजे खालच्या हाताने चेंडू टाकणारी. तिला सरांनी पहिल्यांदा पाहिलं ते हुरड्याच्या दिवसांत, तांड्याजवळच्या ज्वारीत माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकताना. सर गाडी रस्त्यात उभी करून अर्धा तास बांधावर थांबले. तिच्या बापाला वाटलं, कुणी साहेब हुरडा मागायला आलाय. "हुरडा नको, पोरगी द्या," सर म्हणाले, आणि पुढचं 'कॉलेजात' तोंडातून येईपर्यंत बाप काठी शोधायला लागला होता. मी साखऱ्याची. एस.टी.च्या टपावरून कुणीतरी टाकलेलं गाठोडं मी खाली झेललं, ते सरांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी कॅचर झाले. ते ओरडत नसत. चेंडू सुटला, बेस गेला, मुलगी रडायला लागली, की लांबूनच म्हणायचे, "काहून रडून राहिली? चेंडू अजून जमिनीवरच हाये, उचल." मी आज तिसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांना धीर द्यायला मला याहून चांगलं वाक्य अजून सापडलेलं नाही.

जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आम्ही एकोणीस वर्षांखालील मुलींच्या राज्य स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. मी बारावीत होते, संघाची कर्णधार. नव्या जिल्ह्याचं नाव आमच्या पाठीवर प्रथमच छापलेलं होतं. जिंकलो तर राज्याच्या संघात निवड, आणि निवड झाली की प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत आणि डी.एड.ला खेळाडूंच्या जागा मिळायच्या. शेवंताच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं आणि ती पोलीस होणार हे तांड्यात ठरूनही गेलं होतं. सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर चेंडू फेकत होतो, तेवढ्यात आयोजकांनी सरांना टेबलाकडे बोलावलं. समोरच्या संघाने तक्रार दिली होती. माझं नाव कर्णधार म्हणून अर्जावर असल्यामुळे मीही गेले. एक पदाधिकारी आमचे फॉर्म पत्त्यांसारखे मांडून बसला होता. सोळापैकी बारा मुलींची जन्मतारीख एक जून. "या बाराही एकाच दिवशी झाल्या का हो? दवाखाना कुठला म्हणायचा?" तो म्हणाला, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

आमच्याकडच्या माणसाला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. लेकरू शाळेत घालायला बाप आला की गुरुजी तारीख विचारायचे, बापाला ती ठाऊक नसायची, मग गुरुजी सहा वर्षं मागे मोजून एक जून टाकायचे. शाळा जूनला सुरू होते, हिशेब सोपा. थोरल्या भावाबरोबर चारपाच वर्षांचं पोरगं आलं तरी त्याला सहाचं करून बसवून घ्यायचे. म्हणजे कागदावर आम्ही होतो त्याहून मोठ्या होतो. खोट्या तारखेचा तोटा आमचाच होता. सरांनी हे सगळं शांतपणे सांगितलं. "साहेब, एक जून हा आमच्याकडं जन्माचा दिवस न्हाई. शाळेत नाव घालायचा दिवस हाये. बारा पोरी, बारा गावच्या शाळा. दाखले वेगवेगळे बघा." तो माणूस म्हणाला, "म्हणजे बारा ठिकाणी सेटिंग केली." पुन्हा हसणं. दहा वाजता सामना समोरच्या संघाला बहाल झाला. आम्ही मैदानाच्या कडेला बसून त्यांचे हारतुरे पाहिले. शेवंता हातातला चेंडू सोडायला तयार नव्हती, शेवटी सरांनी तिच्या बोटांतून तो काढून घेतला.

त्या परक्या शहरातल्या माणसांना मी एक वेळ माफ करीन. त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या प्राचार्यांना ठाऊक होतं. ते याच भागातल्या एका खेड्यात जन्मलेले, आणि कॉलेजच्या स्मरणिकेत त्यांचा परिचय छापला होता त्यात ठळक अक्षरात होतं, जन्म १ जून. एक पत्र लिहायचं होतं त्यांनी, एवढंच... की या भागात असं असतं, माझंही असंच आहे. ते पत्र त्यांनी लिहिलं नाही. उलट आमच्या बापांना एकेक करून बोलावलं आणि एका कागदावर सह्या घेतल्या, 'अर्ज प्रशिक्षकांनी भरले, आम्हांस माहिती नाही.' सही केली नाही तर मुलीच्या बारावीच्या फॉर्मचं बघावं लागेल, असंही सांगितलं. माझ्या वडिलांनीही सही केली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हे सरांना कळलं तेव्हा ते मलाच म्हणाले, "बापाला कायला बोलती? त्याला तुझी परीक्षा दिसली. मला बी तीच दिसली असती." सर कधी चिडले नाहीत, याचाही मला राग आहे. चिडायचं सगळं काम त्यांनी आमच्यावर सोडून दिलं.

चौकशी लागली. निकाल लागेपर्यंत मैदानावर पाय ठेवायचा नाही, असा त्यांना हुकूम झाला, तोही तोंडी. लेखी दिलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. त्यांना वाचनालयात बसवलं. खिडकीतून मैदान दिसायचं. संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याला प्रशिक्षक नेमलं. त्याने पहिल्या वर्षी संघ पाठवला नाही आणि दुसऱ्या वर्षी पोत्यांचे बेस उचलून मंडपवाल्याला दिले. सर मात्र त्या दिवसांत एक दोनशे पानी वही घेऊन रविवारी गाडीवरून गावोगाव फिरत होते. बारा पोरींच्या बारा आयांना ते भेटले. आमच्या घरी आले तेव्हा आई घाबरली, आता आणखी कशावर सही मागतात म्हणून. सर ओसरीवर टेकले आणि विचारलं, "ताई, ही झाली तवा शेतात काय व्हतं?" आई म्हणाली, "तुरी सोंगायच्या राहिल्या व्हत्या. अन् संक्रांत दोन दिसांवर आली व्हती. वाण द्यायला जायचं व्हतं, ते राहिलंच."

"साल कोणतं असंल?"

"साल न्हाई ठाव, सर. गावात लाईट आली, त्याच्या पुढची संक्रांत."

सर तिथून उठून वीज कार्यालयात गेले आणि साखऱ्याला वीज कधी आली ते तिथल्या जुन्या नोंदीतून काढून आणलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी बारा जानेवारीची आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी मी कागदावर साडेसतराची होते आणि खरी सोळाचीही झाले नव्हते. शेवंता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. एकीची आई वारली होती, तर सर तिच्या सुईणीपर्यंत गेले. बाराही पोरी वयात बसत होत्या, एक सोडून सगळ्या कागदापेक्षा लहान. चौकशी समितीपुढे मलाही बोलावलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी वही चाळली आणि म्हणाले, "गडदे, ही बायकांच्या गप्पांची वही इथे कशाला आणलीत?" सर म्हणाले, "साहेब, बाळंतपण बायकाच करतात. तवा तिथं मी बी नव्हतो, अन् तुमी बी नव्हते." अध्यक्षांनी वही परत केली. आईची आठवण पुरावा होत नाही, म्हणाले. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख पुरावा होते, आणि जिने जन्म दिला तिची आठवण होत नाही... हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आज शाळेत मी स्वतः नावं दाखल करते तेव्हाही पटत नाही.

तीन वर्षांनी एक ओळीचं पत्र आलं, 'आरोपांत तथ्य आढळून आले नाही.' तोवर शेवंताचं लग्न होऊन ती ऊसतोडीला जायला लागली होती. प्रमाणपत्रं कुणालाच मिळाली नाहीत. मी डी.एड.ला लागले ते मार्कांवर. ते पत्र घेऊन सर प्राचार्यांकडे गेले आणि मैदान परत मागितलं. प्राचार्य म्हणाले, आता नवीन माणूस नेमलाय, त्याला दुखवणं बरं नाही. सर वाचनालयात परत आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले. निवृत्तीही एकतीस मेची, कारण सेवापुस्तकात त्यांची स्वतःची तारीखही एक जूनच होती. त्यानंतर पाच महिन्यांत ते गेले.

कॉलेजात शोकसभा झाली, तिला मी गेले. दारावर सरांच्या फोटोचा मोठा फलक, फोटोखाली जन्म १ जून. तेच प्राचार्य, आता संस्थेचे सचिव, सरांविषयी वीस मिनिटं बोलले. कॉलेजचं भूषण, खेळाचे निष्ठावान उपासक, मुलींचे पितृतुल्य मार्गदर्शक. मी मागून उठून विचारलं, "सर, तुमची जन्मतारीख काय आहे?" सभागृहात चारदोन माणसांना समजलं, त्यांनी माना खाली घातल्या. त्यांनाही समजलं. "ही वेळ नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वी होती," आणि बाहेर आले.

तशीच सरांच्या घरी गेले. काकूंनी आतून ती वही आणून दिली. "तुमच्याच पोरींची हाये, तुमीच ठिवा." बारा पोरींची बारा पानं होती. तेरावं पान मी कधी पाहिलं नव्हतं. वर सरांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, विठ्ठल, आणि खाली एवढंच, 'आई नाही. दादाला विचारणे.' विचारायचं राहूनच गेलं असावं. बारा घरांचे उंबरे झिजवणाऱ्या माणसाला स्वतःच्या भावाकडे जायला सवड झाली नाही.

गेल्या रविवारी मी गेले. सरांचे दादा, नामाबाबा, ऐंशीच्या घरातले, गावाबाहेर मेंढरांच्या वाड्याशी बसले होते. कान बरे आहेत, आठवण त्याहून बरी. मी सरांच्या जन्माचं विचारलं. ते म्हणाले, "पितरपाठ चालू व्हता. आमी कयाधूच्या काठाला उतरलो व्हतो. पहाटं झाला. अन् पयलं मतदान झालं ना, तवा माय त्याला काखंत घेऊन गेल्ती, त्याला नीट बसता बी येत नव्हतं."

मी तिथेच वहीवर मोजलं. पहिलं मतदान बावन्न सालचं, म्हणजे जन्म एक्कावन्नच्या भाद्रपदातला, आणि कागदावर एक जून पन्नास. सर कागदापेक्षा सव्वा वर्षाने लहान होते. म्हणजे गेले तेव्हा ते नोकरीतच असायला हवे होते. नामाबाबांनी विचारलं, "आता लिवून काय करनार, बाई?" मी तेराव्या पानावर लिहिलं, 'पितरपाठ, पहिल्या मतदानाच्या आधीचा. कयाधूचा काठ. पहाट.' खाली सांगणाऱ्याचं नाव घातलं, सर घालायचे तसं, आणि वही पिशवीत ठेवली. कॉलेजच्या दारावर तो फलक अजून आहे. त्यावरची तारीख बदला, असं मी त्यांना सांगणार नाही. ती त्यांची तारीख आहे. आमच्या सरांची माझ्याजवळ आहे.