शमुवेल म्हणे

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. चोरून ओढलेल्या विड्या, मेहुण्याशी धरलेला अबोला, सगळं. हे एक मात्र तिच्याही कानावर गेलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या मंडळीतले नाही म्हणून असेल. रविवारी तुम्ही समोर बसलेले नसाल.

सोलापुरात आमच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवतो. शाळेत गणित शिकवलं, पण जुन्या ख्रिस्ती कीर्तनाबद्दल कुणी विचारायला आलं की पाळक माझ्याकडेच बोट दाखवतात. मास्तरांना विचारा, त्यांच्यापाशी सगळं आहे. सगळं — हा शब्द ऐकला की मी विषय बदलतो.

शमुवेलबाबांचं कीर्तन तुम्ही ऐकलेलं नसणार. गिरणीत कामाला होते. सुट्टीला डोक्याला पांढरा फेटा बांधायचे, खांद्यावर वीणा घ्यायचे आणि केमला नाहीतर माढ्याला जाऊन पारावर उभे राहायचे. उधळ्या पुत्राची गोष्ट अशी सांगायचे, की पोरगं शेजारच्याच गल्लीतून पळालंय असं वाटावं. अभंग स्वतः रचायचे. पण शेवटच्या ओळीत, जिथे रचणाऱ्याचं नाव यायचं, तिथे ते नाव घेत नसत. गप्प व्हायचे, वीणेची तार एकदा छेडायचे आणि पुढे जायचे. एवढं लक्षात ठेवा.

लिहून त्यांनी काही ठेवलं नाही. ते थकले तेव्हा त्यांच्या मुलीनं, म्हणजे रूथअक्कानं, एका दुपारी त्यांना टेपरेकॉर्डरपुढे बसवलं आणि येत होते तेवढे अभंग म्हणवून घेतले. अक्का दवाखान्यात नर्स होती, तिला माणसं जाताना कळायची. एकच कॅसेट भरली. बाबा गेल्यावर तिनं ती माझ्या हातात दिली. 'तू पोरांना शिकव. माझ्यापरास तुझ्यापाशी नीट ऱ्हाईल,' म्हणाली.

इथे मी उठून पाणी पिऊन आलो. अजूनही लांबवतोय, नाही का?

माझ्या बहिणीची हळद होती. गाणी भरून हवी होती, कोरी कॅसेट घरात नव्हती, दुकानं बंद झालेली, आणि पाहुण्यांच्या पोरांपुढे मला मिरवायचं होतं. चुकून झालं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण चुकून होऊच शकत नव्हतं. तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून अक्कानं कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा बारीक तुकडा आधीच मोडून टाकला होता. त्या भोकावर मी चिकटपट्टी लावली. नखानं घासून नीट बसवली. एक बाजू सिनेमातल्या गाण्यांनी भरली. पाहुण्यांनी आणखी मागितली, म्हणून मग दुसरीही. नंतर वाजवून पाहिली तेव्हा गाणी संपल्यावर अगदी शेवटी बाबांचा खोकला तेवढा उरला होता.

अक्काला सांगितलं, टेप गुंतली आणि तुटली. ती म्हणाली, 'जाऊ दे, यंत्रच ते.'

पुढे चर्चचा वर्धापनदिन आला. बाबांचा एखादा तरी अभंग व्हावा असं सगळ्यांना वाटत होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, एक मला पाठ आहे. घरी येऊन मी तो रचला.

दिवा विझे तरी । राहू दे रे वात ।
तुझा माझा हात । सुटू नये ॥
शमुवेल म्हणे । धन्या तुझ्या दारी ।
झोपलो मी जरी । हाक मार ॥

बरा जमला, हे सांगायचीही लाज वाटते. आणि नाव का घातलं? लोकांची खात्री पटावी म्हणून. चोरानं चोरलेल्या भांड्याच्या जागी दुसरं ठेवून त्यावर मालकाचं नाव घालावं, तसं झालं ते.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक दफनाला तो म्हणतात. माझ्या आईला मातीत ठेवताना म्हटला आणि मी हुंदके देऊन रडलो — कशासाठी, ते कुणाला सांगू? मागे संशोधन करणारी एक मुलगी आली, मोबाईलवर माझा आवाज भरून घेतला आणि शमुवेलबाबा अभंगात आपलं नाव असं गुंफत, असं लिहून छापलं. मी तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आता अक्काच थकली आहे. बाबांच्या कबरीवरचा दगड फुटला, म्हणून तिनं नवा करून घेतलाय आणि त्यावर तेच शेवटचं कडवं कोरलंय. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो, सगळं सांगायचं ठरवून. जिना चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तिनंच आधी तोंड उघडलं.

'बाबानी गाण्यात कधी आपलं नाव घातलं न्हाय बघ. मला लई राग यायचा त्यांचा. एवढं रचलं, आन् माणूस कुटंच न्हाय. ह्या एकातच घातलंय. तेवढं तरी ऱ्हायलं की.'

तिच्या आवाजात संशय नव्हता. असता तर मी सुटलो असतो.

'व्हय अक्का,' मी म्हणालो.

ऐकून तिला वडील दुसऱ्यांदा गमावल्यासारखं झालं असतं — हे कारण मला घरी परतताना सुचलं. तिच्यासमोर सुचलेलं नव्हतं. तिथे मी नुसता घाबरलो होतो.

बाबांच्या खऱ्या अभंगांतला एकही मला आज पूर्ण येत नाही. ती तार तेवढी आठवते.

रविवारी पाळक दगडावरचा कपडा काढतील. पेटी माझ्याकडे आहे. अक्का पुढच्या खुर्चीत बसलेली असेल, आणि नावाच्या जागी मी नाव घेईन.